काठी ज्याच्या हातात

नाही नाही, उठू नका चाचा, बसा! उठलात तर गळाची काठी खाली ठेवावी लागेल, काठी खाली ठेवलीत की तुम्ही बोलायला मोकळे — आणि तेच तर मला नकोय. म्हणजे नकोय असं नाही, हवंय, फार हवंय, पण आत्ता नाही, माझं सगळं सांगून झाल्यावर. अख्ख्या लोणावळ्याला माहितीये की या तलावावर काठी ज्याच्या हातात त्यानं बोलायचं नाही. बागेच्या फाटकावर जाळं टाकू नका, पोहू नका, फुलं तोडू नका असं सगळं लिहून ठेवलंय, ते सगळं लोक मोडतात, आणि हा नियम कुठंच लिहिलेला नाही तर तो कुणी मोडत नाही. तुम्ही तर नाहीच नाही, युनूसचाचा. नवाज सांगतो — नवाज म्हणजे तुमचाच नवाज, मी त्याला कशी ओळखते ते सांगतेच, घाई करू नका — तो सांगतो, एकदा तुमच्या पायावरून धामण गेली तरी तुम्ही हूं की चूं केलं नाहीत, कारण काठी हातात होती. म्हणून तर मी घरी नाही आले. घरी आले असते तर तिसऱ्याच वाक्याला तुम्ही म्हणाला असतात, "बेटी, आधी चहा घे, मग बघू." ते 'मग बघू' मी वर्षभर ऐकतेय चाचा, तुमच्या मुलाच्या तोंडून. मला आता मग बघायचं नाहीये. मला आज बघायचंय.

मी नूर. बाजारात ते भांड्यांचं दुकान आहे ना, नूर स्टील सेंटर — त्यातली नूर मीच. बी.एस्सी. झाले, कामशेतच्या शाळेत विज्ञान शिकवते, मुलं मला घाबरत नाहीत, मुख्याध्यापक थोडे घाबरतात. आणि मी तुमच्या नवाजला मागणी घालायला आलेय.

हं. बोलले. बोलले एकदाची!

बघा, तुम्ही हललासुद्धा नाहीत. काय माणूस आहात तुम्ही! मला वाटलं होतं निदान गळाच्या दोरीची ती मोरपिसाची काडी तरी थरथरेल पाण्यावर. नाही, ती पण तुमच्यावरच गेलीये. मी सबंध रस्ताभर पाठ करत आले होते — आधी सलाम करायचा, मग तब्येत विचारायची, मग हवेबद्दल दोन शब्द, मग हळूच — आणि इथं आले तर सगळं उलटंपालटं झालं, हवेचं राहूनच गेलं. हवा छान आहे. थंडी आहे. धुकं त्या पॅडल-बोटींच्या वर अजून तसंच बसलंय. झालं हवेचं.

आता तुम्ही मनात म्हणत असाल, पैगाम मुलाकडून यायचा असतो, ही कोण बाई स्वतःच उठून आली, हिला आईबाप आहेत की नाहीत. आहेत! दोघंही आहेत आणि दोघंही आत्ता गाढ समजुतीत आहेत की मी शमीमकडे मेंदीचा कोन आणायला गेलेय. पण मला सांगा — सांगू नका, मीच सांगते — हे ठरवलं कुणी? मुलीनं पडद्याआड बसून वाट बघायची, मुलाकडच्यांना वेळ होईल तेव्हा ते येणार, शिरा खाणार, मुलगी चालते कशी ते बघणार. मला पाय आहेत, तर ते चालून दाखवायला का, चालत यायला का नाहीत? मी वर्गात मुलींना काय सांगते, प्रश्न पडला की हात वर करा, वाट बघू नका. आणि स्वतः घरी बसून वाट बघू? मग दुसऱ्या दिवशी त्यांच्यासमोर कुठल्या तोंडानं उभी राहू?

आणि हो, जहेज मिळणार नाही. ते आधीच सांगून टाकते. एक चमचासुद्धा नाही, आणि मी भांडेवाल्याची मुलगी आहे हे लक्षात घ्या. अब्बांनी माझ्यासाठी पितळी हंडा बाजूला ठेवलाय, तो मी शाळेला देणार आहे, मुलांच्या प्यायच्या पाण्याला. मंडप नको, घोडा नको, तो मोठमोठ्यानं वाजणारा डीजे तर मुळीच नको. मशिदीत निकाह, खजूर, पन्नास माणसं. साठ. अम्मीच्या बहिणी जास्त आहेत. तुम्हाला काही बोलायचं असेल तर — नाही, नाही बोलता येणार, खरंच की! हे किती छान आहे चाचा, सगळ्या घरांमध्ये अशा काठ्या ठेवायला पाहिजेत.

काय? काय बघताय? डबा? अय्या, हा तुमच्या कणकेचा डबा आहे होय? मी मघापासून गोळ्या करून पाण्यात टाकतेय! अल्ला, अर्धा संपला. माझ्या हाताला ना काहीतरी लागतं बोलताना, शाळेत खडू असतो. लसूण घातलाय ना तुम्ही कणकेत? आणि थोडी बडीशेप. वास आला. चिलापीला लागतंच हे, रोहूला मात्र जरा भाजलेलं बेसन — बरं, ते जाऊ दे. ठेवला डबा. बघा, ठेवला. हात मांडीवर.

पलीकडच्या दगडावर ते महिपती आबा बघा कसे खुसूखुसू हसतायत. त्यांनी मघाशी काय केलं माहितीये, मी आले तेव्हा? त्यांनी काठी खाली ठेवली, मला म्हणाले, "पोरी, युनूसभाऊशी बोलाय आली व्हय? लय बारीक आवाजात बोल, न्हाईतर मासं पार त्या काठाला जात्याल, अन् मग मला हितं बसून काय करायचं?" आणि लगेच काठी उचलून पुन्हा मुके. मी म्हटलं आबा, मासे बाहेरचं बोलणं ऐकत नाहीत, त्यांना काठावरच्या पावलांचा हादरा कळतो, म्हणून तर मी चप्पल काढून आले. तर त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं आणि मान डोलावली. बघा, अनवाणी आलेय, या थंडीत. कुठलीही मुलगी करेल असं?

थांबा हं, एक मिनिट. ओ दादा! ओ टोपीवाले! ती चिप्सची पिशवी तुमची आहे ना, मग ती घेऊन जा की! तलावाला काय करायचीये ती? ... हो, तुम्हालाच! ... थँक्यू! — हे बघा हे. मुंबईहून इतका रस्ता तुडवून येतात ते कचरा टाकायला? माफ करा, मोठ्यानं बोलले. आबांनी डोळे मिटून घेतले बघा.

तर नवाज. तुमचा मुलगा फार चांगला आहे चाचा, तुम्हाला माहितीये का? म्हणजे तुम्हाला आपला मुलगा म्हणून चांगला वाटत असेल, मी निष्पक्ष सांगतेय. तो हॉटेलात हिशेबाच्या टेबलावर बसतो, पण तिथल्या धुणं धुणाऱ्या बायकांना सुट्टीचे पैसे मिळत नव्हते तर मालकाशी भांडला. भांडला म्हणजे — हळूच बोलला, पण बोलला. स्वतःसाठी मात्र एक शब्द काढत नाही. वर्षभर म्हणतोय, "अब्बांना सांगतो, या रविवारी सांगतो." रविवार आला की म्हणतो, "अब्बा आज खूश होते, मूड कशाला घालवू." पुढच्या रविवारी म्हणतो, "अब्बा आज नाराज होते, आज नको." मग मी म्हटलं, तुझे अब्बा खूश नाहीत आणि नाराजही नाहीत अशी एकच जागा आहे, तलाव. तर हात जोडले त्यानं, "नूर, तलावावर नको, तिथं ते कुणाचेच नसतात." मी म्हटलं, तेच बरं. मागे वळून बघू नका हं, पण तो बोटींच्या तिकीटखिडकीच्या मागे उभा आहे. लपलाय. त्याला वाटतंय दिसत नाही, पण तो पिवळा स्वेटर पुण्यातनं दिसेल.

आणि घाई का, ते सांगते. आज दुपारी आमच्याकडे देहूरोडहून पाहुणे येतायत. मला बघायला. मुलगा डेपोत आहे, तुमच्याच डेपोत, तुम्ही रिटायर झालात तिथंच, कदाचित ओळखतही असाल. चांगला असेल, माझं त्याच्याशी काही वाकडं नाही. पण अम्मीनं सकाळपासून रवा भाजायला घेतलाय आणि अब्बांचा शब्द म्हणजे शब्द, एकदा पाहुण्यांसमोर हो म्हणाले की संपलं. मी काल रात्री म्हटलं त्यांना, अब्बा, लोणावळ्यातलंच एखादं स्थळ असलं तर? तर म्हणाले, "आलंय का कुणी दारात? मी काय माझ्या मुलीला घेऊन लोकांची दारं वाजवू?" म्हणजे तुमचा एक फोन, चाचा. दुपारच्या आधी. बस. तुमचं नाव अब्बा फार मानतात, दुकानातल्या वजनकाट्याशेजारी तुमच्यासाठी स्टूल ठेवलेलं असतं. तुमच्या एका फोननं तो शिरा तुमच्यासाठी होईल.

कठीण आहे का हे? नाही. तुम्हाला काय हवं असतं मुलासाठी? शिकलेली? आहे. नमाजी? फजर कधी कधी चुकते, खोटं बोलणार नाही. कमावती? आहे. मासे रांधता येतात? चाचा, मी मरळीचं कालवण असं करते ना, कोकम घालून — अहो मरळ तर तुम्ही खाल्लीये की! म्हणजे... खाल्ली असणार. कुठंतरी. म्हणजे लोणावळ्यात मरळ काय सगळेच...

बरं ती मरळ. आता विषय निघालाच आहे तर सांगते, ती मरळ मला पण ठाऊक आहे. नवाजनं बेडशाच्या अलीकडच्या बंधाऱ्यावर धरली ती. कुणाला ठाऊक नाही! तुमच्या फोनवरचा तुमचा स्वतःचा फोटो हटवून तुम्ही त्याचा लावलाय — नवाज दोन्ही हातांवर मरळ घेऊन, डोळे मिटून. दुकानात येऊन तुम्ही अब्बांना दाखवलात, मी मागे भांड्यांना भाव चिकटवत होते, सगळं ऐकलं. "बघा, एवढा मोठा मासा धरला तरी पोरानं आधी डोळे मिटून अल्लाचे आभार मानले, याला म्हणतात संस्कार." आणि आबांना सांगत होतात म्हणे, "माझ्या खानदानाचा हात आहे तो. मधोमध खोल पाण्यात टाकला असणार गळ, मरळ खोलातच बसते." तर चाचा — लहान तोंडी बोलते — हे चूक आहे. मधोमध नव्हतीच ती! कडेला होती, पाणगवतात. मरळीला हवेचा घोट घ्यायला वर यावं लागतं ना, ती आली, गवत नुसतं एवढंसं दुभंगलं, दोन बुडबुडे. बुडबुड्यांवर टाकला तर ती बुजते, त्यांच्या पुढं हातभर टाकायचा, आणि बेडूक मागच्या पायाला अडकवायचा म्हणजे तो पोहत राहतो. तिनं ओढलं तेव्हा असं वाटलं की बंधाराच कुणी ओढतंय, गळाची तंगूस माझ्या बोटात अशी रुतली, हे बघा, अजून वण आहे, आणि मी ओरडले नवाज, नवाज, छत्री टाक आणि कमरेला धर माझ्या, नाहीतर मी जाते पाण्यात, आणि —

...

चाचा.

असं बघू नका ना चाचा. काडीकडे बघा. काडी बघा, किती छान उभी आहे.

कमरेला म्हणजे ओढणीला. ओढणीचं टोक धरलं होतं त्यानं. लांबून.

बरं. मी. मी धरली ती मरळ. आता लपवण्यात काय अर्थ आहे. त्यानं डोळे मिटले होते ते आभार मानायला नाही, तो भ्यायला होता. ती हातात फडफडली ना, म्हणून. मी म्हटलं एक फोटो तरी काढू, तर म्हणाला लवकर काढ, ती माझ्याकडे बघतेय. त्याआधीची चिलापी? मी. ते दोन रोहू? मी. आणि तो कटला — नाही, तो कटला आम्ही बाजारातनं घेतला होता, त्या रविवारी मला शाळेची सहल होती.

आबा, तुम्ही हसू नका हो! ही गंभीर गोष्ट आहे!

तो फसवत नव्हता तुम्हाला, चाचा. हे नीट ऐका, बाकी सगळं नाही ऐकलंत तरी चालेल. तुम्ही रिटायर झालात त्या संध्याकाळी तुम्ही त्याच्या हातात नवी काठी दिलीत, आणि तेव्हा तुमच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यानं ते पाहिलं. त्या माणसाला कसं सांगायचं की मला गांडुळाची दया येते? मग तो दर रविवारी ती काठी घेऊन बंधाऱ्यावर जाऊन बसायचा. मी तिथं नानांबरोबर लहानपणापासून जाते, माझे नाना, म्हणजे अम्मीचे अब्बा, तिकडचेच, त्यांनीच मला शिकवलं. तर मी बघितलं, हा एक मुलगा सकाळपासून बसलाय, काडी हलत नाही, डुलत नाही, आणि चेहऱ्यावर कसं समाधान! मी जाऊन त्याची तंगूस उचलली वर. गळाला काहीच नव्हतं चाचा! नुसता गळ! मी म्हटलं, अहो, आमिष कुठंय? तर म्हणाला, "हळू बोला, अब्बांना कळेल." अब्बा इकडे तलावावर, आणि हा तिकडे हळू बोलतोय! मी इतकी हसले, इतकी हसले की नानांना वाटलं मला काही चावलं. त्या दिवसापासून मी गळ टाकते आणि तो माझ्या डोक्यावर छत्री धरतो आणि मला काहीबाही वाचून दाखवतो. आणि मासे तुमच्याकडे येतात. मला वाटायचं, कुठंतरी एक घर आहे जिथं माझा मासा ताटात पडतो आणि एक म्हातारा माणूस — म्हातारा नाही, मोठा — एक मोठा माणूस काटे बाजूला काढत म्हणतो, हात आहे पोराचा. मला हे नवाजनं येऊन सांगितलं की मी आठवडाभर तरंगत असायचे. मला कुणी म्हटलं नव्हतं कधी. नाना म्हणायचे, पण ते नाना.

त्यामुळे आता तो फोटो काढून टाकणार असाल तर टाका. नवाजवर रागवा, माझ्यावर रागवा. पण हात खोटा नव्हता, एवढंच. हात खराच होता. फक्त दुसऱ्याचा होता.

झालं माझं. खरंच झालं. आता तुम्ही काठी खाली ठेवून काय बोलायचं ते बोला. नाही म्हणायचं असलं तरी म्हणा, मी रडणार नाही, मी शाळेत कधी — ठेवा ना. ठेवत का नाही? चाचा, मी इतकी कणीक टाकलीये की सगळे मासे इथंच माझ्या पायाशी जमलेत, बघा तरी, आता हे दिवसभर हलायचे नाहीत, आणि तुम्ही जर मासा लागेपर्यंत बोलणारच नसाल, तर पाहुणे येतील, शिरा होईल, आणि मी —

उठताय? कुठं? नाही, काठी अशी उभ्यानं घेऊन कुठं जाताय — मला? मी धरू? धरते, द्या. हलकी आहे. म्हणजे वजनाला नाही, हाताला. किती गुळगुळीत झालीये मूठ. बसू? या दगडावर? हा तुमचा दगड आहे चाचा, यावर नवाजपण कधी — बरं, बसते, बसते, दटावू नका डोळ्यांनी.

आबा, तुम्ही का उभे राहिलात?

तुमचा चष्मा कशाला काढलात? फोन? कुणाला लावताय? त्याला नका लावू, त्याला इथूनच हाक मारा, तो पिवळा — नाही? मग? चाचा, तो अब्बांचा नंबर आहे. दुकानाचा आहे तो. काय सांगणार आहात? आधी मला सांगा, असं एकदम नका सांगू, अब्बा अजून दुकान उघडत असतील, त्यांना आधी सलाम करा, मग हवेचं बोला, मग हळूच —

काय? बोट कसलं दाखवताय? काठीकडे?

अय्या. हो की. काठी आता माझ्या...

म्हणजे तुम्ही आता — आणि मी आता — पण हे बरोबर नाही चाचा, मी एवढंच विचारते, एकच शब्द, की तुम्ही अब्बांना हो सांग—

काडी. चाचा, काडी! बुडाली, बुडा—